झुरळांना गोड का लागत नाही

१४ जुलै

ती. बाबा,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण त्याला समोर पाय लागतात, आणि तुमची पावलं सध्या माझ्या दिशेला वळत नाहीत. तेव्हा उभ्या उभ्याच घ्या.

धंद्यात न येता मी इथे शिकायला आले तेव्हापासून फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. घरात आलेला कागद न वाचता टाकायचा नाही हा तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. औषधाच्या डब्यावरच्या सूचना तुम्ही डबा संपल्यावरसुद्धा वाचता.

तर बातमी अशी, की एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय ठरला. वर्षभर एकच विषय धरून स्वतः प्रयोग करायचे, त्यावर प्रबंध लिहायचा आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहायचं. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. एकीला शेवाळ आलं, एकाला बेडूक, एकाला गांडुळं. मला जे आलं ते लिहिताना हात जरा अडखळतो आहे, पण आईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

झुरळं.

मारायची नाहीत. पाळायची.

पत्र खाली ठेवू नका. आमच्या विभागात झुरळांची एक जुनी वसाहत आहे. स्वयंपाकघरात असतात ना, लहान, तांबूस, मानेवर दोन काळे पट्टे असलेली, तीच जात. पिढ्यान् पिढ्या पेट्यांत वाढलेली. विष कशाशी खातात हे ठाऊक नाही. वेळेवर खाणं, वेळेवर पाणी, राहायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. विभागात सगळे त्यांना 'जावई' म्हणतात. माझं काम एवढंच, की या जावयांना आणि बाहेरच्या घरांतल्या झुरळांना गोड द्यायचं आणि कोण खातं, कोण तोंड फिरवतं ते बघायचं. कारण हल्ली काही ठिकाणची झुरळं गोड नाकारतात. आणि मग गोडात कालवलेलं विषही नाकारतात.

(हे वाक्य कुणालाही उद्देशून नाही.)

गंमत म्हणजे तुमच्या 'पेस्ट कंट्रोल'सारखा आमच्याकडेही 'कंट्रोल' असतो. पण आमचा कंट्रोल म्हणजे ज्यांना काहीही करायचं नाही अशी झुरळं. बाजूला ठेवायची आणि नुसती बघायची. आमच्या गाईड मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आधी कंट्रोल नीट कर, आणि माझा हात सवयीने पंप शोधायला गेला.

आई सांगत होती, गाडीवरच्या पाटीतलं 'आणि कन्या' तुम्ही रंग मारून पुसायला घेतलंत, पण रंग पुरला नाही आणि 'आणि' तेवढं राहिलं. मला न विचारता लिहिलंत, न विचारता पुसलंत, हिशेब सारखाच झाला. पण गिऱ्हाइकं विचारत असतील, आणि काय?

फवारताना मास्क लावत जा.

तुमची,
रंगाखालची कन्या

२ ऑगस्ट

ती. बाबा,

आई म्हणाली, "त्यांनी तुझं पत्र हातातसुद्धा घेतलं नाही." आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "झुरळांना जावई म्हणणं शोभतं का, असं विचारत होते." मी समजायचं ते समजले.

मला एक नवा शोध लागला आहे. या गावात झुरळं नाहीत.

जावई विभागात आहेत, पण तुलनेला बाहेरची हवीत, म्हणून मी बरणी घेऊन दारोदार फिरते आहे. एका खानावळीच्या मालकांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, कोणत्या खात्याकडून? विद्यापीठातून, म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. झुरळं? आमच्याकडे? छे, पण पलीकडे विचारा, म्हणाले. पलीकडच्यांनी त्यांच्या पलीकडे पाठवलं. असं करत रस्ता संपला. अख्ख्या रस्त्याने आपापली झुरळं शेजाऱ्याच्या नावावर करून टाकली. शेवटच्या दुकानात तर मालक नाही-नाही म्हणत असताना त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवरून एक मादी अंड्यांची पिशवी मागे लावून निवांत चालली होती. मी बघितली, माझ्या नजरेवरून त्यांनीही बघितली, आणि मग आम्ही दोघं हवेतल्या उकाड्याबद्दल बोललो.

खरं सांगायचं तर मला कुठलीही चालणार नाहीत. मला आपल्याकडच्या बेकरीतली हवीत. भट्टीच्या मागच्या भिंतीतली, जिथे तुमची गोड विषाची गोळी ठेवून ठेवून तुम्ही थकलात ती. बेकरीवाले काका मला देणार नाहीत, तुम्हाला देतील. मूठभर पुरेत.

उत्तर लिहू नका हवं तर. नुसती पाठवा.

कन्या

२१ ऑगस्ट

ती. बाबा,

पार्सल मिळालं. पत्त्यावरचं अक्षर तुमचं, 'विद्यापीठ' हा शब्द दाबून लिहिलेला, कागद फाटेपर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

मग उघडलं. आत कापसाची गादी, त्यावर एका रांगेत, मिशा नीट मागे वळवून ठेवलेली बेकरीची झुरळं. सगळी मेलेली.

विभागात यावर दोन तट पडले. शेवाळवाली म्हणाली, ही सरळ धमकी आहे. बेडूकवाला म्हणाला, नाही, यात माया आहे, माझ्या वडिलांनी मला मेलेलं काहीसुद्धा पाठवलेलं नाही. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "पॅकिंग उत्तम आहे."

मी बेडूकवाल्याच्या बाजूची आहे. जन्मभराची सवय, झुरळ हाताशी आलं की हात आपलं काम उरकून मोकळा होतो. पण बाबा, मेलेलं झुरळ गोड खात नाही आणि नाकारतही नाही. त्याचं कशालाच काही म्हणणं नसतं. मला म्हणणं असलेली हवीत. ज्यांच्या मिशा हलतात ती.

(आणि एक विचारू? ही मेली कशाने? गोळीने मेली असतील तर माझा प्रबंध संपला. चपलेने मेली असतील तर चालू आहे.)

कन्या

१६ सप्टेंबर

ती. बाबा,

चपलेनेच. आईने चौकशी करून कळवलं. आभारी आहे.

आणि दुसरं पार्सलही सुखरूप आलं. सगळी जिवंत. झाकणाला भोकं, भोकांना बारीक जाळी, आणि आत कोपऱ्यात ओला स्पंज. मी घर सोडून निघाले तेव्हा पाण्याच्या बाटलीचंही मला कुणी विचारलं नव्हतं. झुरळांचं नशीब थोर.

आता बेकरीकर आणि जावई वेगवेगळ्या पेट्यांत राहतात. वर चढून पळू नयेत म्हणून पेटीच्या कडेला आतून मलम फासलेलं असतं; त्यावरून घसरून ती पुन्हा खाली पडतात आणि पुन्हा चढतात. तुमची आठवण येते.

प्रयोग सोपा आहे. पारदर्शक जेलीचे दोन ठिपके. एकात ग्लुकोज, तुम्ही गोळीत घालता तेच, आणि निळा रंग. दुसऱ्यात फळांतली साखर आणि लाल रंग. झुरळाला एक दिवस उपाशी ठेवायचं, मग सोडायचं, आणि नंतर पोटाचा रंग बघायचा. जावयांची पोटं लालही झाली, निळीही झाली. ताटात पडेल ते खाणारी मंडळी. बेकरीकरांची मात्र झाडून सगळी लाल.

मी नाचत मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, त्यांना ग्लुकोज आवडत नाही की निळा रंग आवडत नाही, हे कशावरून? पुन्हा कर. मी रंगांची अदलाबदल करून पुन्हा केलं. मग म्हणाल्या, जेली वाळली होती, पुन्हा कर. मग, पुन्हा कर, असंच. कारणच सांगितलं नाही. मला वाटतं त्या घरी पोळी भाजतानाही ती दोनदा भाजत असणार.

पण दर वेळी उत्तर तेच येतं आहे. आणि दर वेळी मला आनंद होतो, आणि मग तुमचा चेहरा आठवतो. बेकरीवाल्यांनी काम दुसऱ्या कंपनीला दिलं, असं आईच्या तोंडून निसटलं. तुम्ही तिला मला सांगू नकोस म्हणाला होता, हेही निसटलं.

कन्या

१२ नोव्हेंबर

ती. बाबा,

माझ्या खोलीवर काय घडलं याची तुमची हकिगत आईने मला फोनवर ऐकवली. "गेलो, घरमालकिणीला दोन खडे बोल सुनावले, आलो." तुम्ही स्वतः तिथे हजर होता, तरी जे झालं ते तुम्हाला लिहून पाठवते आहे, कारण आईच्या हाती हे पत्र पडावं अशी माझी इच्छा आहे.

आई, ऐक. परीक्षा विभागाच्या कपाटांना वाळवी लागली म्हणून आमच्या अख्ख्या इमारतीत फवारणी ठरली. मॅडम म्हणाल्या, पेट्या दोन दिवस कुठेतरी हलव. जावई शेवाळवालीने नेले. बेकरीकर मी माझ्या खोलीवर आणले, टेबलाखाली ठेवले आणि वर चादर टाकली. घरमालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. माझी चादर टेबलावरून लोंबते आहे हे त्यांना दारातून दिसलं आणि ती सरळ करायला त्या आत आल्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. चादर पुन्हा घातली, हात धुतले आणि पालक म्हणून मी दिलेला नंबर काढला. तो बाबांच्या धंद्याच्या कार्डावरचाच होता. ज्याच्याकडे तक्रार करायची त्यालाच कामही देता येतं, अशी सोय त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नसेल.

बाबा सकाळच्या गाडीने आले. खांद्यावर पंप, पायात गमबूट. मी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही. बाईंना विचारलं, कुठे आहेत? कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं. बाईंनी टेबल दाखवलं. बाबा गुडघ्यांवर बसले, चादर वर केली आणि मला म्हणाले, "टॉर्च धर."

मी धरला. बराच वेळ ते बघत राहिले. पिल्लं झाली होती, ट्रेच्या खळग्यांतून इवल्या मिशा हलत होत्या. पेटीवर माझी चिठ्ठी होती. बेकरीचं नाव, तारीख, आणि 'प्रेषक' या शब्दापुढे बाबांचं नाव.

बाईंनी मागून विचारलं, "मग? फवारताय ना?"

बाबा उठले. पंपाचा पट्टा खांद्यावरून काढून खाली ठेवला.

"यांना नाही फवारता यायचं, बाई."

"का?"

"ही आमची आहेत."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हणाल्या, मग काल माझ्या मोरीत फिरत होती ती कुणाची? तीही तुमचीच, इथून सुटलेली. तिथे बाबांचा चेहरा बदलला. ते तडक बाईंच्या स्वयंपाकघरात गेले, मोरीची जाळी उचलली, आणि आतून अंगठ्याएवढं काळपट झुरळ टुणकन बाहेर आलं. बाबा आणि मी एकाच वेळी म्हणालो, "हे ते नव्हे." जातच वेगळी होती. बाबांनी ते बाईंना अगदी अदबीने दाखवलं.

"ती आमची. ही तुमची."

मग त्यांनी बाईंची मोरी साफ फवारून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि बाईंनी माझी पेटी दोन दिवस राहू दिली; अट एवढीच, की शेजारीपाजारी मोरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. याला तू खडे बोल म्हण हवं तर.

आई, आता तू पत्र त्यांच्याकडे दे.

बाबा, त्यानंतरचं तुम्ही घरी अजिबात सांगितलेलं नाही, म्हणून मीही आईला सांगत नाही. तुम्ही खिशातून तुमच्या गोळीचं बिनविषारी पीठ काढलंत. जाताना करून बघू, असं ठरवूनच आला होता तर. मी एक बेकरीकर सोडला. तो आला, मिशीने चाचपलं, तोंड लावलं, आणि चटका बसल्यासारखा मागे उडाला. मग बसून पुढच्या पायांनी तोंड पुसत राहिला. तुम्ही म्हणालात, याला बरं नसेल. मी दुसरा सोडला. मग तिसरा. तुम्ही तिसऱ्यालाही तोंड पुसताना बघितलंत. नळी गुंडाळलीत आणि निघालात. थांब्यापर्यंत मी तुमच्या मागे चालले, आणि तुम्ही मला चालू दिलंत.

ते गोळीचं पीठ तुम्ही किती हौसेने मळता हे मी लहानपणापासून बघत आले आहे. म्हणून एक खरं सांगते. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. विषय मी मागून घेतला. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही बेकरीतून परत आलात आणि आईला म्हणालात, माझंच काहीतरी चुकतं आहे. तुमचं काय चुकतं ते शोधायला मी इथे आले, असं नाही. पण आल्यावर पहिलं तेच आठवलं.

कन्या

२८ मार्च

ती. बाबा,

आई विचारते, आता दोघं फोनवर बोलता, मग पत्र कशाला? कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आधी कित्येक महिने तुम्ही शब्द काढला नाही. ते सगळे साठलेले शब्द आता एकदम बाहेर पडताहेत. काल मी "बाबा, एक सांगायचं होतं," एवढं म्हणाले आणि तुम्ही नव्या गोळीत फळांची साखर किती घातली की पीठ चिकट होतं, यावर बोलत राहिलात. फोन ठेवल्यावर माझं वाक्य माझ्याकडेच राहिलं. ते खाली लिहिते.

त्याआधी परवाच्या तोंडी परीक्षेचं. तुम्ही सगळीकडे सांगत सुटला आहात, की परीक्षक अडले होते आणि मी त्यांना सोडवलं. असं झालेलं नाही.

मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर आला नसता. तक्ते दाखवता दाखवता मागच्या बाकाकडे नजर गेली, तर लग्नकार्यातला कडक इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही बसलेले. मी एकच वाक्य दोनदा बोलले. परीक्षक डोळे मिटून ऐकणाऱ्यांपैकी; ते ऐकताहेत की झोपलेत, यावर मॅडमसुद्धा पैज घेणार नाहीत. मी सांगत होते, की ज्या झुरळांना गोड आवडत होतं ती गोड विष खाऊन मेली. एखाददुसरं जन्मतःच असं होतं, की त्याला ग्लुकोज कडू लागायचं. ते वाचलं. त्याची पिल्लंही तशीच. असं होत होत भिंतीमागे फक्त तीच उरली. प्रश्न कुणाला आहे का, असं मॅडमनी विचारलं, आणि तुम्ही शाळेतल्यासारखा हात वर केलात.

"गोळीत काही खोट नाही," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं मी तीच गोळी करतो. गोळी तीच आहे. झुरळं बदललीत."

परीक्षकांनी डोळे उघडले. आपण कोणत्या संस्थेचे, असं त्यांनी विचारलं.

"स्वतःच्या."

"अहो, मग ही मुलगी गेला अर्धा तास हेच सांगते आहे."

तुम्ही पडद्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. गेल्या जुलैपासून प्रथमच, सरळ.

"मग तेवढंच सांगायचं," तुम्ही म्हणालात. "एवढे तक्ते कशाला?"

मॅडम हसल्या. मी विभागात आल्यापासून त्यांचे दात पाहिले नव्हते. परीक्षकांनी मला आणखी एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना मी अडखळले नाही. यात तुम्ही कुणाला सोडवलं असेल तर ते परीक्षकांना नव्हे.

आणखी एक. तुमच्याच गोळीने निवडून निवडून ही जात बेकरीत उरली, असं मी म्हणाले होते. त्याचा अर्थ 'ही जात आम्ही तयार केली' असा गिऱ्हाइकांना सांगत फिरायचा नसतो. अभिमान वाटणं मी समजू शकते, पण बाबा, हे धंद्याच्या जाहिरातीत घालू नका.

आता ते वाक्य.

मॅडमनी मला पुढच्या संशोधनासाठी ठेवून घ्यायचं ठरवलं आहे. पुढची काही वर्षं, याच झुरळांवर. मी हो म्हटलं आहे. म्हणजे मी धंद्यात येत नाही. आता नाही, आणि पुढे येईन असंही खोटं आश्वासन देत नाही. तुम्ही शर्टाला इस्त्री करून आलात तेव्हा, बहुतेक, मी आता परत येईन असं तुमच्या मनात असेल. ते फोनवर तुम्ही विचारत नाही, म्हणून एवढं बोलता, हेही मला कळतं.

तुम्हाला राग येईल. यावा, माझी ना नाही. फक्त या वेळी गप्प राहून नको. चांगलं आवाज चढवून, शेजाऱ्यांची दारं उघडतील असं रागवा. रविवारी मी येते आहे, ते ऐकायलाच.

तुमची मुलगी